साखरेच्या वहीतलं फूल

थुंकी वेगळी आणि बेडका वेगळा, हे लोकांना समजावण्यात माझी एकतीस वर्षं गेली. फराळाचं ताट समोर असताना असलं वाक्य वाचावं लागतंय, त्याबद्दल माफी. पण 'अक्का, तुमच्या नोकरीवर लिहा' असं म्हणत मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक तीनदा घरी येऊन गेले, तेव्हा मी नोकरीत नेमकं काय करत होते याची त्यांनी चौकशी केली नसावी. मारतहळ्ळीच्या पुढे एका सरकारी आरोग्य केंद्रात मी लॅब टेक्निशियन होते. लोकांचं रक्त, लघवी आणि बेडका तपासत होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले.

आमचं घराणं बेंगळुरात इतकं जुनं की मूळ गाव कोणतं हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. घरात मराठी, दारात कन्नड, आणि केंद्राच्या खिडकीपाशी जी रांगेत उभी असेल ती भाषा. तर त्या सगळ्या भाषांत मी रोज एकच गोष्ट सांगायचे. क्षयाचे जंतू फुप्फुसात असतात. म्हणून खोल श्वास घ्या, छातीतून खोकला काढा आणि जे घट्ट वर येईल ते या बाटलीत द्या. तोंडातली लाळ मला नको. माणसं मान डोलवायची, झाडामागे जायची आणि बाटलीभर लाळ घेऊन यायची.

गिऱ्हाइकं म्हणावीत तर एकेक नग. एका आयटीतल्या मुलाने बाटली अत्तराच्या खोक्यात, वर रेशमी फीत बांधून आणली होती. बसमध्ये कोणाला कळू नये म्हणून. होसकोटेच्या कारखान्यातल्या एका गृहस्थांनी तर स्वतःच्या ऐवजी मेव्हण्याचा बेडका आणला. कामावर परत घेण्यासाठी त्यांना निरोगी असल्याची चिठ्ठी हवी होती. तपासला तर मेव्हण्यालाच क्षय निघाला. गृहस्थ हादरले, मेव्हण्याचे मात्र प्राण वाचले. मग गृहस्थांचा स्वतःचा तपासला, तर त्यांनाही क्षय होताच. दोघांनाही औषधं सुरू झाली आणि सहा महिने दोघे एकाच स्कूटरवरून येत राहिले.

काम तसं चिकाटीचं. बेडक्याचा कण काचेवर पसरायचा, वाळवायचा, त्यावर लाल रंग ओतून खालून वाफ येईपर्यंत तापवायचा, आम्लाने धुवायचा आणि मग निळा रंग द्यायचा. बाकी सगळं निळं होतं, क्षयाचा जंतू तेवढा लाल राहतो. बारीक, जरा वाकडी काडी. काचेवरच्या शंभर जागा बघितल्याशिवाय 'नाही' म्हणायचं नसतं. नंतर मशीन आलं, दोन तासांत निकाल देऊ लागलं. तरी मी माझा जुना सूक्ष्मदर्शक पुसून ठेवायचे. माझ्या नजरेतून काडी सुटत नाही, असा माझा लौकिक होता आणि तो मला आवडायचा.

हा लौकिक कुठे पडला, ते सांगायला आज बसले आहे.

आमच्या केंद्राला दोन खिडक्या होत्या. पुढची साखरेची, मागची बेडक्याची. पुढे बाकं, पंखा, गप्पा. साखर हा आपल्याकडे प्रतिष्ठित आजार आहे. 'मला शुगर आहे हो' असं माणूस लग्नाच्या पंगतीत सांगतो आणि वर जिलेबी घेतो. मागच्या खिडकीकडे होंगेचं, म्हणजे करंजाचं झाड, एक नळ, आणि एकमेकांकडे न बघणारी माणसं. क्षय झाल्याचं कोणी सख्ख्या भावाला सांगत नाही. सकाळी अकरापर्यंत मी पुढे बसायचे, अकरानंतर मागे. मधे वीस पावलं. इतकी वर्षं ती वीस पावलं मी चालले, पण दोन्ही खिडक्यांवर येणारा माणूस एकच असू शकतो, हे मला फार उशिरा कळलं.

तसं कागदावर ते आलेलं होतं. साखर वाढलेली राहिली की शरीराची राखण ढिली पडते. ज्या जंतूला एरवी शरीर दाबून ठेवतं, तो उठतो. उलट क्षय झाला की साखर आणखी चढते. म्हणून नियम झाला, क्षयाच्या प्रत्येक रोग्याची साखर बघा आणि साखरेच्या प्रत्येक रोग्याला चार प्रश्न विचारा. खोकला आहे का? ताप येतो का? वजन उतरलं का? रात्री घाम येतो का? त्यासाठी रबरी शिक्काही आला. साखरेच्या वहीवर तो मारायचा आणि चार चौकोनांत उत्तरं भरायची. सकाळची साठ माणसांची रांग, त्यांत निम्मी ओळखीची. ओळखीच्यांना मी विचारत नसे. चेहरा बघायचे आणि चारही चौकोनांत 'नाही' लिहून मोकळी व्हायचे.

शिवाय माझी एक खोड होती. उपाशीपोटीची साखर एकशेतीसच्या आत आली की मी त्या वहीत, आकड्याशेजारी, लाल पेनाने पाच पाकळ्यांचं फूल काढायचे. एका आजोबांना हसवायला सुरुवात केली आणि ती रीतच पडली. फुलासाठी माणसं भांडायची. रिटायर्ड हेडमास्तर 'एकशेएकतीसला द्या की, एका आकड्याने काय होतं' म्हणून हुज्जत घालायचे. डॉक्टर हसायचे. मला वाटायचं, औषधाने होत नाही ते माझ्या फुलाने होतंय.

सगळ्यांत जास्त फुलं पद्माक्काच्या वहीत होती.

पद्माक्का आमच्यासारखीच जुन्या बेंगळुरी मराठी घरातली. नवरा गेल्यावर तिने केंद्रामागच्या गल्लीत मेस काढली. पुण्या-नागपूरहून आयटीत आलेली, पीजीत राहणारी तीसेक मुलं तिच्याकडे जेवायची. डझनभर पुढच्या खोलीत बसून, बाकीच्यांना डबे. वरण, भात, आमटीत आमच्याकडची चिंच जरा जास्त, आणि शनिवारी होळिगे, म्हणजे पुरणपोळी. सून सविता हाताशी. मेस म्हणजे तिचं घर, तिचा मान, सगळं तेच. साखर तिला आठ वर्षांपासून. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती खिडकीशी यायची, बोट पुढे करायची आणि डोळे मिटायची. एकशेबारा. एकशेअठरा. एकशेनऊ. फूल, फूल, फूल.

त्या वर्षी ती बारीकही होत चालली होती. मी सगळ्या रांगेसमोर म्हटलं, "बघा, पद्माक्काकडून शिका. याला म्हणतात कंट्रोल." ती लाजली आणि खोकली. मी विचारलं, "काय ग?" ती म्हणाली, "अय्यो, फोडणीचा ठसका अक्का. मिरच्या भाजत होते." मी हसून शिक्का मारला. खोकला, नाही. ताप, नाही. वजन, नाही. घाम, नाही. खोकला माझ्या समोर झाला होता आणि मी 'नाही' लिहिलं. वजनाचं तर मी स्वतः कौतुक केलं होतं.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी गौरीच्या आधी होळिगेची ऑर्डर द्यायला मी तिच्या मेसमध्ये गेले. दुपारची वेळ, मुलं जेवून गेलेली. पद्माक्का चुलीशी पाटावर बसली होती आणि तांब्या तोंडाला लावून पाणी पीत होती. एक तांब्या संपला, दुसरा उचलला. ब्लाउज दोन्ही खांद्यांवर पिना लावून आवळलेला. कुकर उतरवायला उठली आणि अर्ध्यावर पुन्हा बसली.

"काय होतंय पद्माक्का?"

"काय नाही हो. स्वल्प दमले. हल्ली साडीला एक निरी जास्त येते बघा," ती कौतुकाने म्हणाली. "तुमी म्हटलं ना, कंट्रोल."

माझ्या पर्समध्ये साखर बघायचं छोटं यंत्र कायम असायचं. "बोट दे," म्हटलं.

तिने हात पदराखाली घेतला. "आज नको अक्का. आज सोमवार नाही."

"सोमवारचं काय त्यात?"

"तयारी नाही केली."

मला कळेना. मी तिचा हात ओढूनच घेतला. तीनशे शहाऐंशी. यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसरं बोट टोचलं. तीनशे एक्क्याण्णव.

मग पद्माक्काने मला तयारी म्हणजे काय ते सांगितलं. पहिल्या सोमवारच्या आधी दोन दिवस भात बंद, रात्रीचं जेवण बंद, फक्त मेथीचं पाणी. रोजची गोळी एरवी अर्धीच घ्यायची, आणि वाचवलेल्या अर्ध्या त्या दोन दिवसांत दुप्पट-तिप्पट घ्यायच्या. सोमवारी फूल मिळालं की घरी जाऊन पोटभर भात. महिन्याचे अठ्ठावीस दिवस साखर वाटेल तिथे.

"परीक्षेला अभ्यास करतात ना पोरं, तसं," ती म्हणाली. "तुमी फूल काढलं की महिनाभर बरं वाटायचं. सविताला दाखवायचे."

मी तिच्या चुलीसमोरच्या पायरीवर बसले. आणि तिथे बसून मी तिला ते चार प्रश्न पहिल्यांदा विचारले. खोकला? तीन महिने झाले, पण स्वयंपाकघरात कोण खोकत नाही? ताप? ताप नाही, संध्याकाळी चुलीपासून उठलं की अंगात थंडी भरते. घाम? चुलीशी कोणाला येत नाही? पण रात्री उशीही भिजते, हे सविता बोलली. वजन तर दिसतच होतं. चारही लक्षणं हजर होती. स्वयंपाकघराने ती झाकली आणि माझ्या शिक्क्याने त्यावर मोहोर उमटवली.

दुसऱ्या दिवशी सकाळचा पहिला बेडका तिने आणला. थुंकी नव्हती, बेडकाच होता. मी सांगितलेलं तिने नीट ऐकलं होतं. अर्धा मशीनला लावला आणि अर्ध्याची काच केली. शंभर जागा बघायची गरजच पडली नाही. पहिल्याच जागेत लाल काड्या होत्या. मशीनने दोन तासांनी जे सांगितलं ते मी आधीच पाहिलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या नजरेचा अभिमान वाटला नाही. मागच्या नळाशी जाऊन मी रडले.

पद्माक्का मात्र रडली नाही. तिने एकच विचारलं, "मेस बंद करावी लागेल?"

आमच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला शांतपणे समजावलं. अन्नातून हा रोग जात नाही, श्वासातून जातो. खिडक्या उघड्या ठेवा, तोंडाला मास्क लावा. पण औषध लागू पडेपर्यंत बंद खोलीत इतक्या लोकांत वावरायचं नाही. आणि जे रोज तुमच्या खोलीत बसून जेवत होते, त्यांनाही तपासायला हवं.

"त्यांना मी गावाला गेले म्हणून सांगते," पद्माक्का म्हणाली.

"तुझं गाव कोणतं?" मी विचारलं. आमच्यासारख्यांना बेंगळुरूशिवाय गाव नसतं, हे तिलाही माहीत होतं. ती म्हणाली, "टीबीच्या बाईच्या हातचं परत कोण जेवेल अक्का?"

संध्याकाळी तिनेच सविताकडून मेसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून घेतलं. 'मला टीबी झाला आहे. औषध सुरू आहे. मेस बंद. पुढच्या खोलीत जेवत होते त्यांनी केंद्रात जाऊन छाती तपासून घ्यावी, अक्का फुकट करतात. कोणाला काही झालं तर मला कळवा, मला झोप लागत नाही.' सात मुलं ताबडतोब ग्रुप सोडून गेली. बाकीची दोन-दोन करून मागच्या खिडकीशी आली, आणि अत्तराच्या खोक्याशिवाय आली. कोणाला काही निघालं नाही. सविताचीही छाती स्वच्छ निघाली. तिला पुढे होऊ नये म्हणून गोळ्या दिल्या.

आता वाचकांना वाटेल, पुढे गोळ्या घेतल्या आणि बरी झाली. तसं झालं नाही. क्षयाच्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते. ते मी आधीच सांगितलं होतं म्हणून ती घाबरली नाही. पण त्याच गोळ्यांमुळे साखरेच्या काही गोळ्यांचा जोर कमी पडतो, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला इन्शुलिन दिलं. त्या सुईला ती क्षयापेक्षा जास्त भ्यायली. दोन महिने झाले, पुन्हा बेडका तपासला. मी बघत गेले, पन्नास जागा, साठ जागा. एकसष्टाव्या जागी लाल काडी होती. पुढे आणखी दोन.

वही उघडली तर साखर एकशेवीस, एकशेपंधरा, शेजारी फुलं नाहीत; ती काढणं मी मेसमधल्या त्या दुपारनंतर सोडलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मग रक्त बाहेर पाठवलं. एक तपासणी असते, ती गेल्या तीन महिन्यांची साखर एकत्र सांगते. दोन दिवसांच्या मेथीच्या पाण्याला ती फसत नाही. निकाल फार वाईट आला. पद्माक्का अजूनही तयारी करत होती. फुप्फुसं खाणारा रोग अंगात असताना, माझ्या खिडकीशी यायच्या आधी ती दोन दिवस उपाशी राहत होती.

मी तिच्यावर ओरडले. "मरायचंय का तुला? फुलं काढणं तर मी कधीच बंद केलंय, आता कोणासाठी करतेस हे?"

तिने पदराची गाठ सोडली, पुन्हा मारली. मग हळूच म्हणाली, "तुमी फूल बंद केलं म्हणून. मला वाटलं, तुमी रागावलात. आकडा चांगला आला की काढाल परत."

मला वाटलं होतं, फूल थांबवलं की चूक निस्तरली. तिला ती शिक्षा वाटली होती. एवढ्या वर्षांत मी तिला एकच गोष्ट शिकवली होती, की आकडा चांगला असला तर अक्का हसते.

मी पर्समधलं यंत्र तिच्या हातात ठेवलं आणि एक नवी वही दिली. "रोज तीनदा बोट टोच. जो आकडा येईल तो लिही. भात खाल्लास तर भात लिही, होळिगे खाल्लीस तर होळिगे लिही. सुई चुकवलीस तर तेही लिही. मला चांगला आकडा नको, खरा आण."

"आणि रागावाल."

"रागावले तर यंत्र माझ्या डोक्यात घाल."

आठवड्याने ती वही घेऊन आली. मागच्या खिडकीशी, सगळ्यांच्या शेवटी. वेड्यावाकड्या अक्षरांत आकडे होते. ३१२. २८८, 'भात'. ३४०, 'शनिवार, होळिगे दोन, एक अर्धी'. २९५, 'सुई विसरले, विसरले नाही, भ्याले'. अख्ख्या पानात एकही आकडा धड नव्हता. माझ्या एकतीस वर्षांत इतकी वाईट वही मी पाहिली नव्हती. मी लाल पेन काढलं आणि त्या पानावर, वरपासून खालपर्यंत, प्रत्येक आकड्याशेजारी फूल काढलं. पद्माक्का तेव्हा रडली. क्षय झाल्याचं सांगितलं तेव्हा जी रडली नव्हती, ती.

खरे आकडे हातात आल्यावर डॉक्टरीणबाईंना इन्शुलिन किती द्यायचं ते नेमकं ठरवता आलं. आकडे हळूहळू उतरले. जंतू औषधाला दाद देतात की नाही, तेही तपासून घेतलं, देत होते. पुढच्या महिन्याच्या काचेवर मी शंभर जागा पाहिल्या, मग आणखी शंभर पाहिल्या. सगळं निळं होतं. मेस उघडली. सोडून गेलेल्या सातांपैकी चार परत आली, एका मुलाने तर 'आमटीत चिंच तेवढीच ठेवा' म्हणून आधीच मेसेज पाठवला. तीन आली नाहीत. त्यांची आठवण पद्माक्का अजून काढते, वाईट बोलत नाही. क्षयाची औषधं नेहमीच्या सहा महिन्यांपेक्षा जरा जास्त दिवस चालली, पण तिने एक दिवस चुकवला नाही.

निवृत्त व्हायच्या आधीच्या वर्षभरात त्या शिक्क्यावर मी एकही चौकोन न विचारता भरला नाही. रांग खोळंबायची, हेडमास्तर कुरकुरायचे. कुरकुरू देत. त्या वर्षी पुढच्या खिडकीवरून मागच्या खिडकीवर मी पाच माणसं नेली. त्याआधीच्या वर्षांत किती जणांना 'नाही' लिहून घरी पाठवलं असेल, याचा हिशोब माझ्याकडे नाही आणि तो विचार मी फार वेळ करू शकत नाही.

निवृत्तीनंतरच्या शनिवारी पद्माक्काने मला जेवायला बोलावलं. तीन होळिगे झाल्या, वर तूप. हात धुऊन मी बसले, तर ती समोर येऊन पाटावर बसली आणि माझंच ते जुनं यंत्र तिने पुढे ठेवलं.

"बोट द्या अक्का."

"आज नको ग," मी म्हटलं. "आत्ता जेवले. सकाळी उपाशीपोटी बघते मी घरी."

"दर वर्षी बघता?"

"बघते की."

"आदल्या रात्री जेवता?"

माझ्या आईला साखर होती, थोरल्या भावाला आहे. आणि वार्षिक तपासणीच्या आदल्या रात्री मी फक्त ताक पीत आले आहे, हे मी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

पद्माक्काने माझा हात ओढून घेतला. सराईत झाली होती, टोचलेलं कळलंसुद्धा नाही. यंत्राने पाच मोजेपर्यंत वेळ घेतला. दोनशे अडुसष्ट.

ती रागावली नाही, हसलीही नाही. तिने एकेक करून चार प्रश्न विचारले. खोकला? ताप? वजन? रात्री घाम? प्रत्येकानंतर माझ्याकडे बघत, माझं उत्तर येईपर्यंत ती थांबली. मग तिने शेल्फवरून एक कोरी वही काढली, पहिल्या पानावर माझं नाव घातलं, खाली लिहिलं, '२६८, होळिगे तीन', आणि मुलांच्या डब्यांवर नंबर घालायच्या लाल पेनाने शेजारी एक फूल काढलं. पाच पाकळ्यांचं.